महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंचा गवळी-धनगर समाज : ओळख, दाखले आणि संघटन यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर तालुक्याच्या जांबोटी, कणकुंबी, लोंढा, नागरगाळी या जंगलपट्ट्यातून आणि शेजारच्या हल्याळ, जोयडा व चंदगड तालुक्यांतून जे प्रश्न सतत येत राहतात, ते येथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक गवळीवाड्यांवरचे, म्हणजे समाजाच्या जंगलातल्या छोट्या वस्त्यांवरचे, तरुण आहेत. काही प्रश्न शिक्षकांचे, तर काही पंचायत सदस्यांचे आहेत. प्रत्येक उत्तर सुटे वाचले तरी समजावे अशी काळजी घेतली आहे. जेथे विषय दुसऱ्या उत्तरात आला आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गवळी-धनगर म्हणजे नेमके कोण? मेंढपाळ धनगर आणि आम्ही एकच का?

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर म्हशी आणि गाई पाळून राहणारा हा समाज आहे. मेंढपाळ धनगर पठारावरच्या कोरड्या मुलखात मेंढरे घेऊन फिरत आले, तर गवळी-धनगर जास्त पावसाच्या, दाट जंगलाच्या डोंगरकड्यांवर म्हशींचे खांड घेऊन राहिले, लोणी-तूप खालच्या बाजारात विकत आले आणि उतारावर नाचणीची शेती करत आले. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या समाजाच्या जंगलावर आधारलेल्या जगण्याची सविस्तर नोंद केली आहे. दोन्ही समाजांची काही दैवते आणि काही आडनावे जुळतात, परंतु उपजीविका आणि वस्तीची पद्धत वेगळी आहे, आणि सरकारी अभ्यासात हा फरक महत्त्वाचा ठरतो. त्यामुळे अर्जात आपले वर्णन करताना मेंढपाळीची माहिती उसनी घेऊ नये.

२. आम्ही बेळगाव भागात कधी आणि कोठून आलो?

सर्व वाड्यांसाठी एक तारीख सांगता येत नाही, आणि कोणी सांगितली तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. सातारा आणि कोल्हापूरच्या घाटमाथ्यावरून चराईच्या शोधात ही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेकडे सरकत आली. काही खानापूरच्या जंगलात थांबली, काही पुढे हल्याळ, जोयडा, यल्लापूर, मुंडगोडपर्यंत गेली आणि काही गोव्यात उतरली. ब्रिटिश काळात राखीव जंगले आखली गेली आणि डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीवर, म्हणजे कुमरीवर, निर्बंध आले, तेव्हा एका जागेवर टिकणे अवघड झाले.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. या स्थलांतराच्या काळात आजची सीमा नव्हतीच, आणि १८६२ पासून तरी सातारा, बेळगाव आणि कारवार (आजचा उत्तर कन्नड) हे जिल्हे एकाच मुंबई इलाख्यात होते. मधल्या कोल्हापूर संस्थानाचा अपवाद सोडला, तर आपले पूर्वज परक्या मुलखात आलेच नव्हते. त्यांच्यामागून सीमा आली. ‘महाराष्ट्रातून आलेले लोक’ असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा हा क्रम शांतपणे समजावून सांगावा.

३. १९५६ मध्ये नेमके काय बदलले?

राज्य पुनर्रचना कायद्याने १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे जिल्हे मुंबई राज्यातून त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. बेळगाव जिल्ह्यातील चंदगड तालुका मात्र त्यातून वगळला गेला आणि तो आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. म्हणजे जांबोटीकडील वाडा कर्नाटकात आणि त्याच सोयऱ्यांचा चंदगडकडील वाडा महाराष्ट्रात, अशी विभागणी झाली. पुढे गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला आणि त्याची वेगळी व्यवस्था उभी राहिली, तेव्हा तेथे उतरलेली कुटुंबे तिसऱ्या सरकारी यादीत गेली (याद्यांविषयी प्रश्न ५ पाहावा). लग्ने, देवकार्ये आणि जनावरांची देवघेव चालू राहिली. दाखले, शाळेची भाषा आणि जंगलखाते मात्र वाड्यागणिक बदलले.

४. आम्ही मराठी की गवळी? सभेत दोन्ही बाजूंचे लोक एकच उत्तर मागतात.

दोन्ही. यांपैकी एक निवडण्याची गरज कायद्यातही नाही आणि जगण्यातही नाही. भाषा ही एक ओळख आहे, समाज ही दुसरी, आणि ज्या राज्यात मतदान करतो तेथील नागरिकत्व ही तिसरी. खानापूरच्या बाजारात मराठी, हल्याळच्या कचेरीत कन्नड आणि वाड्यावर आपली बोली, असे दिवसातून तीनदा भाषा बदलणारे आपले लोक हे रोजच करतात.

अडचण येते ती संघटनेच्या पातळीवर. मराठी भाषिकांच्या चळवळीत गवळीवाड्याचा प्रश्न शेवटच्या ठरावातही येत नाही, कारण तेथे मुख्य मुद्दा शहराचा, शाळेचा आणि सीमेचा असतो. कन्नड भाषिक मागासवर्गीय संघटनांत आपण मराठी बोलतो म्हणून मागे बसवले जाते. दोन्हीकडची ही उपेक्षा खरी आहे, आणि वेगळी संघटना उभारण्यासाठी तेवढे कारण पुरेसे आहे. मात्र वेगळी संघटना म्हणजे भाषेचा त्याग नव्हे. भाषिक हक्कांविषयी प्रश्न १२ आणि सीमाप्रश्नाविषयी प्रश्न १३ पाहावा.

५. एकच समाज एका राज्यात अनुसूचित जमात आणि दुसऱ्या राज्यात नाही, हे कसे शक्य आहे?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४२ नुसार अनुसूचित जमातींची यादी प्रत्येक राज्यासाठी स्वतंत्र असते. एखादा समाज ‘त्या राज्याच्या संबंधात’ जमात मानला जातो, आणि राज्याची सीमा ओलांडली की तो दर्जा आपोआप बरोबर येत नाही. आपल्या परिसरातील उदाहरणे घेतली की हे स्पष्ट होते. बंजारा अर्थात लंबाणी समाज कर्नाटकात अनुसूचित जातीत, महाराष्ट्रात विमुक्त जातीत आणि तेलंगणात अनुसूचित जमातीत आहे. बेरड समाज महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडतो, तर कर्नाटकात बेडर हे नाव नायक समाजाबरोबर अनुसूचित जमातींच्या यादीत आहे. गोव्यात कुणबी, गावडा आणि वेळीप यांना २००३ मध्ये जमातीचा दर्जा मिळाला, तर जोयड्यातील कुणबी आजही तीच मागणी करत आहेत.

गवळी-धनगरांना कर्नाटकात अनुसूचित जमातीचा दर्जा नाही, मागास वर्गाचा दाखला मिळतो. महाराष्ट्रात धनगर भटक्या जमाती ‘क’ या गटात असून त्या गटाला साडेतीन टक्के आरक्षण आहे. म्हणून चंदगडच्या मामाचा दाखला खानापूरच्या भाच्याला उपयोगी पडत नाही.

६. कर्नाटकाच्या यादीत नाव कसे घातले जाते? मोर्चा काढला तर होईल का?

मोर्चाने प्रश्न दिसतो, पण यादी संसदेच्या कायद्याने बदलते. १९९९ मध्ये ठरवलेल्या आणि २००२ मध्ये सुधारलेल्या कार्यपद्धतीनुसार राज्य सरकारने शिफारस करावी लागते. ती केंद्राकडून भारताच्या महानिबंधकांकडे जाते. त्यांची सहमती मिळाली तर प्रस्ताव राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाकडे जातो. त्यानंतर मंत्रिमंडळाची मान्यता, विधेयक आणि दोन्ही सभागृहांची संमती असा प्रवास असतो. महानिबंधकांनी नकार दिला तर प्रस्ताव राज्याकडे परत येतो आणि अधिक पुराव्यानिशी पुन्हा पाठवावा लागतो.

या प्रवासातील सर्वांत नाजूक टप्पा समाजाच्या अभ्यासाचा आहे. तपासणी आजही १९६५ च्या लोकूर समितीने सांगितलेल्या निकषांवर चालते : आदिम वैशिष्ट्ये, वेगळी संस्कृती, भौगोलिक दुर्गमता, इतर समाजांशी संपर्कातील संकोच आणि मागासलेपण. या भाषेत आपल्या माणसांचे वर्णन करणे मनाला बोचते, आणि आमच्या मते हे निकष केव्हाच बदलायला हवे होते. तरीही आज तेच लागू आहेत. म्हणून संशोधक वाड्यावर येतात तेव्हा त्यांना फक्त दसऱ्याची नाचगाणी दाखवून पाठवू नये. पावसाळ्यात शाळेपर्यंत किती चालावे लागते, आजारी माणसाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत कसे न्यावे लागते, वाड्याचा न्याय कोण करतो, देवाचे मान कोणत्या कुळाकडे आहेत आणि सोयरिकी कोणत्या कुळांत होतात किंवा होत नाहीत, हे सारे नोंदवून घ्यावे.

७. सिद्दी समाजाला दर्जा मिळाला, मग आम्हाला का नाही?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, म्हणून आधी त्यांचा रस्ता नीट पाहावा. सिद्दींचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून आणले गेले आणि पोर्तुगीजांच्या गुलामगिरीतून सुटलेले अनेकजण कारवारच्या जंगलात स्थिरावले. त्यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, पण तो फक्त उत्तर कन्नड जिल्ह्यापुरता होता. हल्याळच्या सिद्दी कुटुंबाला दाखला मिळत होता आणि तालुक्याची वेस ओलांडून खानापुरात राहणाऱ्या त्यांच्याच बहिणीच्या मुलांना मिळत नव्हता. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींचा समावेश होण्यासाठी २०२० च्या दुरुस्ती कायद्यापर्यंत, म्हणजे सतरा वर्षे, वाट पाहावी लागली. त्याच वर्षी शांताराम सिद्दी यांची विधान परिषदेवर नियुक्ती झाली आणि समाजाला प्रथमच विधिमंडळात प्रतिनिधित्व मिळाले.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान अशा तिन्ही धर्मांचे सिद्दी एकाच मागणीखाली उभे राहिले. अनुसूचित जमातीच्या दर्जाला धर्माची अट नसते, हे त्यांनी नीट वापरले. दुसरी गोष्ट अशी की मागणी करताना जिल्ह्याचे नाव घालून ती मर्यादित केली, तर उरलेल्या जिल्ह्यांना नव्याने सुरुवात करावी लागते. आपल्या निवेदनांत बेळगाव, उत्तर कन्नड आणि धारवाड या तिन्ही जिल्ह्यांचा उल्लेख पहिल्या पानावर असावा.

८. न्यायालयात जाऊन दर्जा मिळवता येईल का?

नाही. महाराष्ट्र शासन विरुद्ध मिलिंद या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की यादीत जसे लिहिले आहे तसेच ती वाचावी लागते, न्यायालयाला तीत भर घालता येत नाही. महाराष्ट्रातील धनगरांच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळल्या त्याही याच तत्त्वावर. वकिलाच्या फीसाठी वाड्यावाड्यातून वर्गणी गोळा करण्याआधी हे सर्वांना सांगावे.

९. जमातीचा दाखला नाही, तर वनहक्क कायद्याखाली दावा करता येतो का?

करता येतो, आणि आमच्या मते हा आजचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. दर्जाची वाट पाहताना हातातला हा हक्क अनेक वाड्यांनी मागितलेलाच नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातींबरोबर ‘इतर पारंपरिक वननिवासी’ असाही वर्ग आहे. गवळी-धनगर कर्नाटकात या वर्गातून दावा करू शकतात. त्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, प्रामुख्याने जंगलात वास्तव्य आणि उपजीविकेसाठी जंगलावर अवलंबित्व दाखवावे लागते. येथे एक गैरसमज खालपासून वरपर्यंत पसरला आहे. अट वास्तव्याची आणि अवलंबित्वाची आहे. मागितलेला जमिनीचा तुकडा ७५ वर्षे ताब्यात असला पाहिजे असे कायदा म्हणत नाही, तो ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असावा एवढेच म्हणतो. वैयक्तिक दाव्याची कमाल मर्यादा चार हेक्टर आहे.

जमिनीइतकाच महत्त्वाचा हक्क चराईचा आहे. कलम ३ मध्ये स्थायिक आणि फिरत्या अशा दोन्ही प्रकारच्या चराईचा आणि भटक्या व पशुपालक समाजांच्या हंगामी वापराचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. म्हशी पावसाळ्यात कोठे आणि उन्हाळ्यात कोणत्या पाणवठ्यावर जातात, याचा हाताने काढलेला नकाशा सामूहिक दाव्याला जोडावा. एका वाड्यावर हा नकाशा जमिनीवर राखेने काढला गेला होता. पुरुषांनी वाटा दाखवल्या, पण आटणारे आणि न आटणारे झरे कोणते हे बायकांनी दुरुस्त करून घेतले, आणि मग शाळेतल्या मुलीने तो कागदावर उतरवला.

वाडा छोटा आहे, मग ग्रामसभा कोणाची, असेही विचारले जाते. आदिवासी कार्य मंत्रालयाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सभा प्रत्यक्ष वस्तीच्या पातळीवर घेता येते. तेथून दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती निवडावी, ज्यात किमान एक तृतीयांश महिला असाव्यात. पुराव्यांविषयी पुढील प्रश्न पाहावा.

१०. आमच्याकडे १९३० चा एकही कागद नाही. पुरावा काय द्यायचा?

कायद्याखालील नियमांत पुराव्यांची लांब यादी आहे आणि त्यांपैकी किमान दोन द्यावे लागतात. दावेदाराव्यतिरिक्त वडीलधाऱ्या व्यक्तीचे लेखी जबाब हा त्यांतला मान्य पुरावा आहे. विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांसारख्या जुन्या खुणा हाही मान्य पुरावा आहे. एखाद्या ठरावीक कागदाचाच आग्रह धरता येणार नाही, असे २०१२ च्या दुरुस्तीने दावे तपासणाऱ्या उपविभागीय आणि जिल्हा समित्यांना बजावले आहे.

जबाब लिहिताना ‘आम्ही पूर्वीपासून येथे राहतो’ असे एक वाक्य लिहून अंगठा घेऊ नये. ज्या जबाबांत जुन्या वाड्याचे जोते, म्हशींच्या गोठ्याची दगडी रांग, म्हसोबाचा शेंदूर लावलेला दगड, आजोबांनी लावलेला फणस आणि त्यांना जेथे पुरले ती जागा अशी एकेक खूण जागेसह येते, त्यांना वजन असते. प्रत्येक खुणेचा फोटो घ्यावा आणि त्यामागे दिशा व अंतर लिहावे.

वाडा जुन्या जागेवरून हलला असेल तर जुन्या जागेचाही पुरावा जोडावा, ती जागा आज महाराष्ट्रात असली तरीही. कायद्यातील व्याख्या एका गावाचे नाव घेत नाही, ती जंगलातील वास्तव्याविषयी बोलते, असा युक्तिवाद येथे करता येतो. येथेच सीमेपलीकडच्या नातेवाइकांची खरी गरज लागते. आजीचे माहेर, आत्याचे सासर, कुळाचा मूळ देव ज्या गावी आहे ते गाव, ही माहिती बहुधा वाड्यावरच्या वृद्ध स्त्रियांनाच पाठ असते, आणि जबाब मात्र घेतले जातात पुरुषांचे. ही पद्धत ताबडतोब बदलावी.

दावा फेटाळला गेला तर कारण लेखी मागावे. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे साठ दिवसांत दाद मागता येते.

११. भीमगड अभयारण्यातून आम्हाला उठवता येते का? आणि पेसा कायद्याचे संरक्षण आहे का?

भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले. तळेवाडी, गवाळी, पास्टोली, कोंगळा, कृष्णापूर यांसारखी गावे त्याच्या आत आहेत, आणि पुनर्वसनाची चर्चा तेथे वारंवार उठते. वनहक्क कायद्याच्या कलम ४(५) नुसार हक्कांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही वननिवासीला जंगलजमिनीवरून काढता येत नाही. स्वेच्छेने जाण्याचा निर्णय ज्याचा त्याचा आहे. रस्ता, दवाखाना, मुलींचे शिक्षण यांसाठी बाहेर पडू इच्छिणाऱ्या कुटुंबाला कोणी दूषण देऊ नये. मात्र जाण्याआधी हक्कांचे दावे मंजूर करून घ्यावेत.

पेसा, म्हणजे आदिवासी क्षेत्रांतील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा, फक्त राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली घोषित झालेल्या क्षेत्रांना लागू होतो. कर्नाटकात असे एकही क्षेत्र घोषित नाही.

१२. मुलांसाठी मराठी शाळा मागणे हा हक्क आहे की उपकार?

हक्क आहे. अनुच्छेद ३५०-क प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करून देण्याचा प्रयत्न राज्याने करायचा आहे. खानापूर तालुक्यात मराठी शाळांची परंपरा जुनी आहे, पण दूरच्या वाड्यांवर शिक्षकच येत नाही ही खरी तक्रार आहे, आणि ती कोणत्याही माध्यमाच्या शाळेला लागू पडते.

वाड्यावर बोलली जाणारी भाषा शाळेतल्या मराठीपेक्षा बरीच वेगळी आहे, आणि पहिलीतले मूल मराठी शाळेतही गप्प बसते. याची लाज मुलाला वाटू देऊ नये. जेथे कन्नड शाळाच जवळ आहे, तेथे मुलांना तेथे घालावे आणि कन्नड उत्तम शिकू द्यावे. नाडकचेरीत (तालुक्याखालच्या महसूल कार्यालयात), जंगलखात्यात आणि ग्रामसभेच्या नोंदवहीत कन्नड वाचता येणारी दोन मुले वाड्यावर असली, तर वाड्याची निम्मी फसवणूक थांबते.

१३. कर्नाटक सरकारकडे दर्जा मागितला तर सीमाप्रश्नावरील महाराष्ट्राचा दावा कमकुवत होईल का? आम्हाला गद्दार म्हटले जाते.

होत नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा दोन राज्यांमधील आहे. गवळी समाजाने कोणाकडे कोणता दाखला मागितला, हा त्यातील मुद्दाच नाही. अनुसूचित जमातींची यादी संसद बदलते, आणि शिफारस करण्याचा अधिकार ज्या राज्यात आपण आज राहतो त्या राज्याकडे आहे. उद्या सीमा बदलली तरी आज मंजूर झालेले वनहक्क आणि आज शिकलेली मुले बदलत नाहीत.

महाराष्ट्र शासन आपल्या दाव्यातील ८६५ गावांच्या रहिवाशांना काही सवलती देते. त्या त्या शासन निर्णयाच्या अटींनुसार घ्याव्यात, त्यात गैर काही नाही. त्यांतून कर्नाटकातील जमातीचा दर्जा मिळत नाही, एवढे लक्षात ठेवावे. गद्दार हा शब्द वापरणाऱ्यांना आमची एकच विनंती आहे. गवळीवाड्यावर वीज, रस्ता आणि शिक्षक यांसाठीच्या निवेदनावर त्यांनीही सही करावी.

१४. दोन राज्यांतल्या लोकांची एक संघटना नोंदवता येते का?

कर्नाटकातील संस्था नोंदणी कायदा १९६० चा आहे आणि त्यासाठी किमान सात सदस्य लागतात. महाराष्ट्रात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी करावी लागते. आमचा सल्ला असा की प्रत्येक राज्यात वेगळी संस्था असावी, कारण मागणी ज्या सरकारकडे करायची त्याच राज्यातल्या नोंदणीला तेथे किंमत असते. दोन्ही संस्थांची एक समन्वय समिती असावी आणि तिने वर्षातून एकदा, शक्यतो दसऱ्याच्या सुमारास, एकत्र बसावे. शिलंगणाला सोयरे येतातच, वेगळा खर्च होत नाही.

दूध व्यवसायासाठी दोन्ही राज्यांत चालणारी सहकारी संस्था हवी असेल तर २००२ चा बहुराज्य सहकारी संस्था कायदा आहे. त्यात प्रत्येक राज्यातून किमान पन्नास सदस्य लागतात. हिशेब सांभाळणारा माणूस तयार नसेल तर या वाटेला जाऊ नये. आधी वाड्यापुरता दूध उत्पादक संघ चालवून पाहावा.

वर्गणीचा हिशेब दर सभेत मोठ्याने वाचून दाखवावा. आपल्यासारख्या विखुरलेल्या समाजात संघटना पैशाच्या संशयाने लवकर फुटतात.

१५. घरदार सोडून सीमेपलीकडे गेलेल्या आदिवासींनी जगात इतरत्र असे संघटन केले आहे का?

केले आहे, आणि मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातील मिश्तेक व सापोतेक लोकांचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. मूळ गावी त्यांची ओळख गावापुरती होती, शेजारच्या गावाशी जमिनीवरून भांडणेही होती. उत्तर मेक्सिकोतील आणि अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या शेतांवर मजुरीला गेल्यावर सर्वांना सारखाच तुच्छतेचा अनुभव आला. तेथे मेक्सिकोचेच इतर लोकही त्यांना हिणवत होते. तेव्हा ‘आम्ही मिश्तेक’ ही मोठी ओळख आकाराला आली. १९९१ मध्ये त्यांनी दोन्ही देशांत काम करणारी आघाडी स्थापन केली. पुढे इतर आदिवासी समाज तीत आले तसे तिचे नावही व्यापक होत गेले. न्यायालयात आणि दवाखान्यात आदिवासी भाषांचे दुभाषे उपलब्ध करून देणे हे अशा संघटनांचे एक महत्त्वाचे काम ठरले.

त्यांच्या आड राष्ट्रांची सीमा आहे, आपल्या आड राज्यांची, त्यामुळे व्हिसा आणि हद्दपारीची भीती आपल्याला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या आदिवासी हक्क जाहीरनाम्यातील अनुच्छेद ३६ सीमेने विभागलेल्या समाजांचा परस्परसंबंधांचा हक्क मान्य करतो, पण तोही आंतरराष्ट्रीय सीमांविषयीच आहे. आपल्या निवेदनात त्याचा आधार देऊ नये. दुभाष्यांची कल्पना मात्र उचलण्यासारखी आहे. तहसीलदार कचेरीत बाजारच्या दिवशी आपला एक कन्नड जाणणारा तरुण बसू लागला, तर म्हाताऱ्या माणसांची हेलपाट्यांतून सुटका होईल.

१६. जनगणनेत मातृभाषा आणि जात काय सांगायची?

जे खरे आहे ते. मातृभाषेचा आणि जातीचा रकाना वेगळा असतो, एकातले उत्तर दुसऱ्याला बाधत नाही. २०२७ च्या जनगणनेत १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची गणना होणार आहे, म्हणून वाड्यावाड्यांत जातीचे नाव एकाच पद्धतीने सांगण्याचे आधी ठरवून घ्यावे. एका वाड्याने गवळी, दुसऱ्याने धनगर आणि तिसऱ्याने मराठा सांगितले, तर कागदावर समाज तीन तुकड्यांत दिसेल आणि पुढची वीस वर्षे तोच आकडा तोंडावर फेकला जाईल. गणना करणाऱ्याने काय लिहिले ते वाचून दाखवायला सांगावे.

१७. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘तालुका चंदगड, जिल्हा बेळगाव’ असे आहे. यावर कर्नाटकात दाखला मिळेल का?

हा कागद १९५६ पूर्वीचा असेल. त्या काळी चंदगड बेळगाव जिल्ह्यात होते, आज ते महाराष्ट्रात आहे (प्रश्न ३). कागदावर बेळगाव लिहिले आहे म्हणून मूळ कर्नाटकातले ठरत नाही. असे दाखले पाहून अधिकारीही गोंधळतात, म्हणून अर्जासोबत कुटुंब खानापूर तालुक्यात कधीपासून राहते याचा वेगळा पुरावा, म्हणजे मतदार यादी, पंचायतीचा घरपट्टी उतारा, वडिलांचा शाळेचा दाखला, अवश्य जोडावा. वनहक्काच्या दाव्यात मात्र हाच कागद जुन्या वास्तव्याचा उत्तम पुरावा ठरू शकतो (प्रश्न १०).

१८. मी आजऱ्याची, लग्न करून खानापूरच्या वाड्यावर आले. माझा दाखला कोणत्या राज्याचा? आणि माझ्या मुलांचा?

जात जन्माने ठरते, लग्नाने बदलत नाही. आपला दाखला वडिलांच्या कागदांवरून आणि वडिलांच्या राज्यातूनच निघेल, म्हणजे महाराष्ट्रातून. तो कर्नाटक सरकारच्या नोकरीतील आरक्षणासाठी चालणार नाही. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी केंद्रीय मागास यादीत त्या राज्यासमोर नोंद असेल तर चालेल. मुलांचा दाखला त्यांच्या वडिलांवरून, म्हणजे कर्नाटकातून निघेल.

लग्नानंतर नाव बदलल्यामुळे अनेकींचे अर्ज अडकतात. लग्नाच्या नोंदणीचा दाखला, माहेरच्या नावाचा शाळेचा दाखला आणि दोन्ही नावे एकाच स्त्रीची असल्याचे प्रतिज्ञापत्र हे तीन कागद एकत्र ठेवावेत. लग्न वाड्यावर झाले आणि नोंदणी राहून गेली असेल, तर ती आधी करून घ्यावी.